चाकांची साखळी

आम्हां किनारपट्टीच्या माणसांना साखळी म्हटले की बंधनच आठवते. तीच साखळी माणसाला पुढेही नेते, हे आम्ही हिमाचलात पाहिले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून लाहौलची वाट हिवाळ्यातही पुष्कळशी सुकर झाली. तथापि बोगद्याचे मुखच तीन हजार मीटरांहून उंच! तिथवरचा चढ बर्फाने माखला, की चारही चाके इंजिनाने फिरणारी अथवा साखळ्या चढवलेली वाहनेच पोलीस पुढे सोडतात.

आमच्या तरुण चालकाने सपाट जागा पाहून गाडी थांबवली. इंजिन ज्या चाकांना फिरवते, त्यांनाच साखळी हवी. आमच्या गाडीची ती पुढची. त्याने साखळी टायरवर पसरली, आतला आकडा आधी अडकवला, मग बाहेरचा ताणला. चार हात गाडी पुढे नेली आणि सैलावलेली साखळी पुन्हा आवळली. मोजे घालून आकडा लागेना, म्हणून हात उघडेच. बोटे निळसर पडलेली पाहून आम्ही चहा पुढे केला. तो म्हणाला, “पहले चेन, फिर चाय.”

मोकळ्या रस्त्यावर साखळी काढावीच लागते. नाहीतर ती टायर आणि रस्ता दोन्ही खाते. म्हणजे पुन्हा तेच गुडघे बर्फात, तीच बोटे लोखंडावर. त्या कामाचे पैसे आम्ही वेगळे दिले, वहीत लिहिलेही. आमच्या सुखरूप परतण्याचे मोल मात्र कोणत्या रकान्यात मांडावे?