सणसरचा पाऊस आणि भिजलेली गाथा

तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामी होती. रात्रीच्या जेवणाला पंगत बसली तेव्हा आमच्या दिंडीच्या महाराजांनी मोरोपंतांचा विषय काढला. कऱ्हेकाठच्या याच गावी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून पंतांनी (१७२९–१७९४) एकशे आठ रामायणं रचली. त्यातलं एक निरोष्ठ. वाचताना ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरंच त्यात नाहीत. झालं! घास हातात धरून जो तो ओठ न मिटता बोलून पाहू लागला. ‘राम’ अडला, ‘माउली’ अडली, ‘पांडुरंग’ तर पहिल्याच अक्षराला. दौंडकडच्या एक आजी भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाल्या, “विठ्ठल म्हणाया येतंय न्हवं? मग झालं की!” सगळी राहुटी हसली. पंतांनी अक्षरांचा एवढा खटाटोप केला तो नामाच्या प्रेमापोटीच, आणि आजींनी एका वाक्यात त्या प्रेमालाच हात घातला. त्या दोघांत मला अंतर दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी काटेवाडीला परीट समाजाने पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घातल्या आणि मेंढ्या पालखीभोवती धावल्या. एक कोकरू रिंगण सोडून थेट टाळकऱ्यांत घुसलं. धनगराने हाक मारली, तर टाळकरीच ओरडले, “राहू द्या, भजनाला आलंय!”

सणसरच्या मुक्कामी मात्र पावसाने गाठलं. मध्यरात्री वारा सुटला, पालाच्या खुंट्या उपटल्या, सकाळसाठी झाकून ठेवलेलं पिठलं पाण्यात गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे विणेकरी काकांची गाथा भिजली. साडेचार हजारांच्या आसपास अभंगांचा तो जाडजूड ग्रंथ फुगून उशीएवढा झाला होता. बांधणीच्या लाल कापडाचा रंग पहिल्या पानांवर उतरलेला. दिंडीचा ट्रक नुकताच चालू करून ठेवला होता. त्याच्या गरम बॉनेटवर धाबळी पसरून गाथा उघडी ठेवली. दोन बायका पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे सारत होत्या. चिकटलेलं पान सोडवताना काका बोट लावायचे ते इतकं हलकं, की तान्ह्या मुलाचं अंग पुसावं.

कुणाला काय बोलावं सुचेना. काकांनीच तोंड उघडलं. “इंद्रायणीत तेरा दिवस राहून कोरडी निघाली, अन् सणसरच्या एका पावसात भिजली. म्हणजे पाऊस चांगला झालाय. इंदापूरकडं पेरण्या होणार!”

त्या तालुक्यात पावसाची वाट किती डोळे लावून पाहतात हे ज्यांना ठाऊक, ते आधी हसले. मग पानं उलटत उलटत काकांनी तुकोबांचा तो अभंग म्हटला, ज्यात ते आपलं दिवाळं निघालं, दुष्काळाने छळलं, बायको कजाग मिळाली, चारचौघांत अपमान झाला, ते सगळं बरंच झालं असं देवाला सांगतात. अभंग संपल्यावर काकांनी आपल्या पदरचं जोडलं, “पिठलं गेलं, तेही बरंच झालं देवा, काल मीठ जास्त होतं.” करणारीही पदर तोंडाला लावून हसली.

हे हसणं वरवरचं नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. एवढं सोसलेला माणूस देवाशी अशा मोकळ्या तोंडाने बोलतो, म्हणून त्याच्या पालखीमागे चालणाऱ्याला उपटलेल्या खुंटीचं ओझं वाटत नाही. गाथा समजायला माझ्या मते देवघरापेक्षा हा रस्ता बरा. इथे प्रसंग आधी येतो, मग अभंग, आणि अर्थ विचारावा लागत नाही.

बेलवाडीला गोल रिंगण झालं. पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी धावले, मागून अश्व दौडले. टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. त्या गर्दीत आजींची एक चप्पल हरवली आणि कुणाची तरी निळी सापडली. ती एक काळी नि एक निळी घालून त्या निमगाव केतकीपर्यंत चालल्या. विचारलं तर म्हणाल्या, “ज्याची हाये त्योबी पंढरीलाच चाललाय. पोचंल.”

इंदापूरला रात्री भारुडं झाली. नाथांचं भवानीला साकडं घालणारं भारूड निघालं, ज्यात सून देवीकडे सासरच्या एकेकाची वाट लावायचं मागणं मागते. सोंग घेतलेल्या गड्याने पदर असा काही सावरला, की बायका हसून हसून लोळल्या. आजी पुढे बसल्या होत्या, शेजारी त्यांची सून. हसू आवरत त्यांनी सुनेला कोपराने ढोसलं, “माग की गं तूबी!”

“मागितलं असतं आत्याबाई,” सून म्हणाली, “पण मग हरिपाठ कोण म्हणून घेणार माझ्याकडनं? अजून निम्माच पाठ झालाय.”