झीबिसवरही पाऊस पडतो!

मुळशीतल्या पावसाचा तिसरा दिवस. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, पत्र्यावर नुसता ताशा. (इथल्याच धरणाच्या पाण्यावर खाली भिऱ्याला १९२७पासून वीज बनते आणि काठावरचे आम्ही मेणबत्ती शोधतोय! असो.) भाच्यानं त्याचा 'स्विच', म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, माझ्या हातात कोंबला. "मामा, हा खेळ बघ. १९९४चा आहे, तुझ्याच काळातला." टोमणा होता तो. मी नाक मुरडत बटण दाबलं, आणि मान वर केली तेव्हा पहाटेचे तीन!

'सुपर मेट्रॉइड'. सामुस आरान ही चिलखतातली बाई झीबिस नावाच्या ग्रहावर यान उतरवते, आणि तिथं काय चाललंय? पाऊस! विजांसकट! बाहेर तोच, हातात तोच. शत्रू मात्र एकही नाही. ओस पडलेली भुयारं, उड्या मारत मी खाली, आणखी खाली. तळाशी एक वस्तू सापडते आणि सामुस चक्क चेंडू होऊन फटीतून घरंगळते! परत फिरावं तर मघाच्याच रिकाम्या खोल्यांत आता पहारेकरी. अंगावर काटा आला हो.

सांगत कुणीच काही नाही. पाऊल टाकाल तसा नकाशा उमटतो. तासाभरापूर्वी जिथं डोकं आपटून परत फिरलो, ती भिंत नवं हत्यार मिळाल्यावर एकदम आठवते आणि आपण धावत सुटतो.

एका विहिरीसारख्या खोल जागेत तर मी अडकलोच. वर जायला पायरी नाही. तिथं माकडासारखे तीन बुटके प्राणी. ते या भिंतीवरून त्या भिंतीवर, त्या भिंतीवरून या भिंतीवर टणाटण उड्या मारत वर जातात, बस्स. एक अक्षर नाही! लहानपणी ताम्हिणीच्या कड्यावर धनगराच्या पोरानं मला असंच शिकवलं होतं. तो पुढं चढला, मी त्याच्या टाचा बघत मागं. इथंही बटणं दाबून अंगठा सुजला, पण शेवटी जमलं.

आणि ती काचेची नळी! चहूकडे पाणी, मधून आपण चालतोय. मला सारखं आमचं धरण आठवायचं. सेनापती बापटांनी १९२१पासून ज्यांच्यासाठी सत्याग्रह लढवला, ती गावं याच पाण्याखाली आहेत. दहा वेळा तरी मी त्या नळीतून निमूट गेलो असेन. अकराव्या वेळी, का कोण जाणे, मधोमध थांबून सगळ्यात मोठा बॉम्ब लावला. काच तडकली, फुटली, आणि पाण्यातला अख्खा मुलूख खुला!

मी ओरडलो म्हणे. भाचा डोळे चोळत उठला.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणीच नाही रे! पॉवर बँक कुठंय?"