माफीआधी माप

आमच्या घरात देव नाही. तरीही हिब्रू संदेष्ट्यांची पुस्तके आम्ही वाचली, आणि वाचकांनीही ती वाचावीत असे आम्हाला वाटते. त्यांच्या बोलण्यात देव आहे खरा; पण तो विचारतो काय, तिकडे ध्यान द्यावे. मजुराला किती दिले, धान्य कोणत्या मापाने मोजले, हे तो विचारतो.

आमोस हा इसवी सनापूर्वी ८व्या शतकातला मेंढपाळ. तकोवा गावचा, उंबराची झाडे राखणारा. तो उत्तरेकडे इस्राएलच्या राज्यात बेथेल येथे गेला. तेथे राजाचे मंदिर होते, सण थाटात चालत. आमोसाने धनवंतांना तोंडावर सुनावले. सण केव्हा संपतो आणि बाजार केव्हा उघडतो याचीच त्यांना घाई. धान्य देताना माप लहान, पैसे घेताना वजन मोठे, तराजू खोटा. पायताणाच्या जोडासाठी ते गरीब माणूस विकत. अशांची गाणी आणि होम देवाला नकोत, न्याय हवा, असे तो म्हणाला. तेथल्या पुजाऱ्याने त्याला गाव सोडायला सांगितले.

लहान माप म्हणजे काय, हे आमच्या घरी समजावून सांगावे लागत नाही. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. त्याआधी आमचे गाव अकोला जिल्ह्यात होते. त्या काळात आमचे बाबा बारा वर्षे सालगडी होते. पाडव्याला साल ठरे, काही पैसे आणि काही ज्वारी. मालकाकडे पायल्या दोन, एक घ्यायची आणि एक द्यायची. द्यायच्या पायलीत ओंजळभर कमी बसे. १९७२च्या दुष्काळात त्या ओंजळीची किंमत काय होती, हे मायच सांगू जाणे.

मग असे वागणाऱ्याला सुटका आहे काय? संदेष्टे म्हणतात, आहे. पश्चात्तापासाठी ते जो हिब्रू शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ परत फिरणे. इसवी सनापूर्वी ६व्या शतकात बाबेलच्या बंदिवासातले लोक म्हणत की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. यहेज्केलाने ती म्हण खोडून काढली. ज्याचे पाप त्याच्यावर. बापाचे मुलावर नाही. मागल्या जन्माचे भोग म्हणून ज्यांच्या पिढ्यांना गप्प बसवले, त्यांना याचे मोल कळेल. दुष्टही वळला तर जगेल, असे तो सांगतो. पण वळायचे तर गहाण परत द्यायचे, लुटलेले परत करायचे. मराठीतही परतणे आणि परत करणे शेजारीशेजारीच राहतात.

ही पुस्तके मानणारे आपल्या मराठी मुलुखातही आहेत. कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे प्रार्थनामंदिर बांधले; त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ दयेचे द्वार. योम किप्पूरच्या उपासाला यहुदी लोक योनाचे पुस्तक वाचतात. त्यात निनवे या वैऱ्याच्या शहराने दुष्टपणा सोडला आणि ते वाचले. मात्र त्यांची परंपरा बजावते की माणसाने माणसाचे केलेले नुकसान नुसत्या उपासाने फिटत नाही. आधी त्या माणसाचे समाधान करावे लागते.

बाबा गेल्यावर तो मालक आमच्या घरी आला. म्हातारा झाला होता. हात जोडून म्हणाला, "काही चुकलं असंल तर माफ करा."

मायने बसायला दिले, पाणी दिले. मग म्हणाली, "पाटील, पापाचं तुमचं तुमी पाहा. आमचं मापाचं तेवढं द्या."

आठ दिवसांनी ज्वारीची दोन पोती आली. बारा वर्षांचा हिशेब त्यात पुरा होत नव्हता. तरी मायने ती मोजून घेतली, आणि त्यानंतर वाटेत भेट झाली की, "जेवले का, पाटील?" असे ती विचारू लागली.

आज धान्य काट्यावर मोजतात. पण मजुरी अडवून ठेवायची आणि सणाला जेवणावळ घालायची, ही रीत अजून गेलेली नाही. अशा पंगतीचे बोलावणे आले तर आधी मजुरी मागावी. त्यात बोलावणाऱ्याचेही भले आहे.