मनगटावरचा बॅरोमीटर

अल्टिमीटरचं घड्याळ घालून ट्रेकला गेलं की पहिल्या ब्रेकला कुणीतरी विचारतंच, "काय रे, किती हाइट झाली?" मी आकडा सांगून टाकतो. पण खरं म्हणजे या घड्याळाला उंची कळतच नाही. त्याला कळतो फक्त हवेचा दाब. सह्याद्रीच्या उंचीवर साधारण ९-१० मीटर चढलं की तो एक हेक्टोपास्कलने कमी होतो, आणि घड्याळ त्यावरून हिशोब मांडतं.

आता गंमत अशी, की आपल्याकडे दाबालाही रोज भरती-ओहोटी असते. सकाळी १०च्या सुमारास तो सगळ्यात जास्त, दुपारी ४ला बराच कमी. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. म्हणजे १० वाजता घड्याळ सेट करून गडावर नुसते लोळत पडलात, तरी ४ वाजेपर्यंत पंचवीस-तीस मीटर 'चढलेले' असता! तोरण्याचा माथा १४०३ मीटर; तिथे दुपारी १४३० दिसले तर घड्याळवाल्याला शिव्या घालू नका. नकाशावर उंची दिलेली जागा आली की पुन्हा सेट करायचं, बस्स. (तापमानाचं तर बोलूच नका. हातातून काढून वीसेक मिनिटं बाजूला ठेवलं नाही तर ते तुमच्या मनगटाचाच ताप मोजतं.)

मग उपयोग काय? मी हल्ली उंची बघतच नाही, तासाला किती चढलो ते बघतो. दाबाची ती गडबड तासाला पाचेक मीटरची, चढाईपुढे किरकोळ.

डिसेंबरात आम्ही दोघं राजगड-तोरणा करत होतो. गुंजवण्यातून राजगड चढताना तासाला ३०० मीटरचा वेग होता. संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरून रांगेला लागलो आणि मित्राचा गुडघा कुरकुरायला लागला. म्हणत होता, "काही नाही रे, चल." चेहरा मात्र वेगळंच सांगत होता. रांग ओलांडणाऱ्या डांबरी रस्त्यावर पोचलो तेव्हा पावणेचार वाजलेले. घड्याळातली नोंद काढली. शेवटच्या चढावर वेग तासाला जेमतेम १२०. पुढे बुधला माचीचा घसाऱ्याचा चढ, मग गड पार करून वेल्ह्याची उतरण, आणि सहाला सूर्यास्त.

"अरे, तो काय समोर दिसतोय तोरणा!"

दिसत होता. फार सुंदर दिसत होता. मी आकडे दाखवले, भागाकार करून दाखवला, आणि आम्ही रस्त्याने वेल्ह्याकडे उतरायला लागलो. तो वाटेत एक अक्षर बोलला नाही. वेल्ह्यात टपरीवर पाय लांब करून बसला, गुडघा चोळला, दुसरा चहा सांगितला आणि मग विचारलं, "घड्याळ केवढ्याला पडलं रे?"