बोनाफाईड, बारा फलक आणि यतीम नातू

मोहोळमध्ये राहून मी रोमन कायदा वाचतो हे कळले की लोकांना हसू येते. 'इथे तलाठ्याकडे वारस नोंद होत नाही आणि तू रोमला निघालास,' असे माझा एक वकील मित्र नेहमी म्हणतो. त्याला मी एवढेच सांगतो, की रोम आपल्या दारात कधीच येऊन बसले आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आपली मुले शाळेतून 'बोनाफाईड' आणतात. हा शब्द रोमन कायद्यातला आहे. बोना फिडेस म्हणजे सचोटी. खरेदी-विक्री, भाडे, भागीदारी अशा व्यवहारांत दोन्ही बाजूंनी सचोटीने वागले पाहिजे आणि न्यायाधीशाने ते पाहिले पाहिजे, असे रोमन विधिज्ञांनी ठरवले होते. कोर्टाबाहेर 'कॅव्हेट टाकून ठेवा' असा सल्ला रोज दिला जातो. तोही लॅटिन शब्द, अर्थ 'त्याने सावध राहावे'.

इंग्रजांच्या काळात बॅरिस्टर व्हायचे तर लंडनला रोमन कायद्याची परीक्षा द्यावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, असफ अली असगर फैजी मिडल टेंपलमधून. पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद 1935 ते 1938 बाबासाहेबांकडे होते आणि त्यांच्यानंतर 1947 पर्यंत फैजींकडे. मुस्लिम कायद्यावरचा फैजींचा ग्रंथ आजही वकिलांच्या कपाटात असतो. त्या पिढीला आपला कायदा दुसऱ्याच्या कायद्याशेजारी ठेवून वाचण्याची सवय होती. आज एलएलबीच्या मुलाला रोमन कायदा सक्तीचा नाही, आणि ती सवयही बरीचशी गेली आहे.

मुसलमान वाचकाला तर हा विषय ओळखीचा वाटायला हवा. रोमन कायदा मोठ्या प्रमाणात विधिज्ञांच्या मतांतून वाढला. लोक प्रश्न घेऊन जाणकाराकडे जात, तो उत्तर देई आणि न्यायाधीश ते विचारात घेई. आपल्याकडे मुफ्ती फतवा देतो आणि काझी निवाडा करतो, तसेच काहीसे. मते एकमेकांविरुद्ध गेली तर काय करायचे? 426 साली रोमन बादशहाने नियम घातला, की पाच थोर विधिज्ञांपैकी बहुमत पाहावे आणि बरोबरी झाली तर पापिनियनचे मत धरावे. इमाम अबू हनीफा, अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी यांच्यात मतभेद असेल तर कोणाचे धरावे, याची चर्चा हनफी फिक्हमध्ये अशीच चालते.

मोहोळहून कुरुल, कामतीवरून मंगळवेढ्याकडे निघालो की भीमेच्या अलीकडे बेगमपूर लागते आणि पलीकडे माचणूर. 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी या परिसरात, ब्रह्मपुरीला होती. त्याच औरंगजेबाने शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या देखरेखीखाली उलेमांकडून हनफी मतांचा मोठा संग्रह करून घेतला. तो 'फतावा-ए-आलमगिरी'. त्याच्या अकराशे वर्षे आधी बादशहा जस्टिनियनने ट्रिबोनियन नावाच्या अधिकाऱ्याकडून हेच काम करवून घेतले होते. तीस लाख ओळींच्या दीड लाख ओळी केल्या, असे तो सांगतो. 533 साली निघालेल्या त्या संग्रहाचे नाव 'डायजेस्ट'.

इस्लामी कायदा रोमन कायद्यातून उचलला, असे काही युरोपीय अभ्यासक म्हणत आले. नल्लिनो आणि फिट्झगेराल्ड यांनी ते खोडून काढले. वाद अजून आहे, पण मला त्याची गरज वाटत नाही. माणसे मरतात, मागे घर राहते, मुले राहतात, भांडण होते. प्रश्न सारखा असला की उत्तरे कुठे जुळतात, कुठे फाटतात. मला ती फाटण्याची जागा पाहायची आहे.

ती जागा मला एका तरुणामुळे दिसली. त्याचे वडील तो लहान असतानाच अपघातात गेले. आई आणि तो आजोबांच्याच घरात राहिले. बाजारातला दुकानाचा गाळा आजोबांच्या नावावर. शाळा सुटली की हा मुलगा गाळ्यावर बसायचा, पुढे तोच दुकान सांभाळू लागला. आजोबा वारले. चाळीसवा झाला, मग उताऱ्यावर वारस लावायची वेळ आली. नावे लागली चाचांची आणि दोन फुफ्फींची. या मुलाचे नाव कुठेच नव्हते. तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'भाईजान, माझे अब्बा जिवंत असते तर त्यांना हिस्सा मिळाला असता ना? मग ते मेले हा माझा गुन्हा आहे का?'

चाचांनी काहीही बेकायदा केले नव्हते. सुन्नी वारसा कायद्यात जवळचा वारस दूरच्याला अडवतो. मयताचा एक जरी मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या मुलाची मुले वारस ठरत नाहीत. फिक्हच्या भाषेत ती महजूब होतात. याला त्या काळात अर्थ होता. टोळीच्या समाजात चाचा हाच पुतण्याचा पालक, एकाच छपराखाली सगळे. आज गाळ्याची किंमत वाढते, चाचा पुण्याला फ्लॅट घेतो आणि पुतण्या भाड्याच्या खोलीत जातो. नियम तोच राहिला, छप्पर मात्र गेले.

आता रोम पाहा. इसवी सनापूर्वी 451-450 मध्ये बारा फलकांवर लिहिलेल्या कायद्याने, मयताचा मुलगा आधी वारला असेल तर नातवंडांनी बापाच्या जागी उभे राहून बापाचा हिस्सा घ्यावा, ही रीत मान्य केली होती. तिथे मुलगीही मुलाच्या बरोबरीने घेत असे. आपल्या शेजारच्या हिंदू घरात 1956 च्या कायद्याने आणि ख्रिस्ती घरात भारतीय वारसा कायद्याने पोरक्या नातवाला हेच मिळते.

यावरून रोमन कायदा भारी आणि आपला कमी, असा निष्कर्ष काढू नका. रोम गुलामांच्या कष्टावर उभे होते. बाप जिवंत असेपर्यंत कर्त्या मुलाच्याही नावावर स्वतःची मालमत्ता नसे. नवऱ्याच्या घराण्यात विधिवत न गेलेल्या विधवेचा नंबर वारसांत अगदी शेवटी लागे, तेव्हा कुरआनने विधवेला, आईला, मुलीला ठरलेला वाटा दिला. तो वाटाही आपण बहिणींकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन परत काढून घेतो, ही गोष्ट वेगळी.

रोमकडून शिकायची ती दुरुस्तीची रीत. बापाच्या सत्तेतून मोकळा केलेला मुलगा जुन्या कायद्याने वारसा गमावत असे. प्रेटर नावाच्या न्यायाधिकाऱ्याने जुना कायदा रद्द केला नाही, तो अधिकार त्याला नव्हताच. त्याने त्या मुलाला मालमत्तेचा ताबा देण्याची वाट काढली, आणि अट घातली की स्वतः कमावलेलेही वाटणीत आणावे. मुलीच्या मुलांना तर शतकानुशतके थांबावे लागले. 389 साली त्यांना आईच्या हिश्शाचा दोन-तृतीयांश मिळाला आणि 543 साली जस्टिनियनने भेद संपवला. जुना शब्द जागेवर राहिला आणि त्याच्या शेजारी न्यायाची वाट तयार झाली.

मुस्लिम देशांनीही हे केले आहे. इजिप्तने 1946 साली फराइजचे वाटे तसेच ठेवून 'वसीयत-ए-वाजिबा' आणली. आजोबांनी वसीयत केली नसेल तरी केली आहे असे धरायचे आणि एक-तृतीयांशाच्या मर्यादेत नातवंडांना द्यायचे. आधार घेतला सूरह बकराच्या वसीयतीच्या आयतीचा. पाकिस्तानने 1961 साली नातवाला सरळ बापाच्या जागी बसवले. तिथल्या शरीयत न्यायालयाने 2000 साली ते कलम शरीयतविरोधी ठरवले आणि प्रकरण अपिलात गेले. म्हणजे वाद आहे, पण तो उलेमा, वकील आणि न्यायाधीश यांच्यात उघडपणे चालतो. आपल्याकडे हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, 'तुला कोणी बोलायला लावले?' बाहेरचे लोक आपल्या कायद्याकडे काठी म्हणून पाहतात हे खरे आहे. पण त्या भीतीने यतीमचा प्रश्न किती वर्षे झाकून ठेवायचा?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आजच्या कायद्यातही आजोबांच्या हातात दोन गोष्टी आहेत. महजूब नातू वारस नसतो, म्हणूनच त्याच्या नावे एक-तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते आणि त्याला इतर वारसांची संमती लागत नाही. आणि प्रकृती ठणठणीत असताना हिबा करता येतो. द्यायचे जाहीर करायचे, नातवाने स्वीकारायचे आणि ताबा खरोखर द्यायचा. ताबा दिला नाही तर हिबा टिकत नाही. वसीयत तोंडीही चालते, पण भावांच्या भांडणात तोंडी शब्दाला साक्षीदार मिळत नाहीत. कागद करा, नोंदवा.

आमच्याकडे जुम्याच्या बयानात नमाज, रोजा, जकात यांवर भरपूर ऐकायला मिळते. वर्षातून एक बयान वसीयतीवर व्हावे, एवढेच मी मस्जिदीतल्या बुजुर्गांना सुचवले आहे. दोघांनी मान हलवली. एकाने नमाजनंतर बाजूला घेऊन हळूच विचारले, 'स्टॅम्प कितीचा लागतो?' त्यांच्या घरीही असा एक नातू आहे.