माजघरांतील नाट्यगृह

सांगलीस विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां नाटक पाहावयाचें तर घर सोडून जावें लागे. आतां नाटकच घरीं चालून येतें. परंतु येतांना तें घरांतील एखाद्या माणसास बैठकींतून उठवूनही लावतें, हें आम्हांस आमच्या आईमुळें कळलें.

दादांनीं गेल्या वर्षीं सांगलीच्या नव्या घरीं मोठा टीव्ही, पांच स्पीकर व खर्जाचा स्वतंत्र खोका असा थाट मांडला. आई चातुर्मासांत तेथें राहते. दोन दिवस ती सर्वांबरोबर बसली. तिसऱ्या दिवसापासून जपमाळ घेऊन आंतल्या खोलींत जाऊं लागली. विचारलें तेव्हां म्हणाली, “अरे, आवाज पुष्कळ आहे, पण शब्द कळत नाहींत. तुमचं चालूं द्या.” दादांनीं आवाज वाढविला, त्यानें फक्त मुलांचा अभ्यास बुडाला.

कार्तिकी एकादशी उलटल्यावर ती साताऱ्यास आमच्याकडे आली. आम्हांसही तसाच संच घ्यावयाचा होता. पण आधीं तिचे कान तपासून घेतले. वार्धक्यांत उंच पट्टीचे ध्वनि प्रथम मंदावतात, आणि ‘स’, ‘श’ हीं अक्षरें त्या पट्टीवरच ओळखूं येतात, असें डॉक्टरांनीं सांगितलें. मग दुकानांत तिलाच पुढें बसविलें. दुकानदार युद्धाचे स्फोट ऐकवीत होता; आम्हीं बातम्या व एक जुनें नाटक लावावयास सांगितलें. माजघरांत बैठकीपासून समोरची भिंत सात फूट, म्हणून ५५ इंची पडदा पुरेसा ठरला. स्पीकर तीनच घेतले. कारण चित्रपटांतील संवाद बहुतेक मधल्या स्पीकरांतून येतात, व तेवढ्याचाच आवाज वाढवितां येतो.

दादांकडील दोष यंत्राचा नव्हता. गुळगुळीत फरशी, कांचेच्या खिडक्या व उघड्या भिंती यांवर आदळून प्रत्येक शब्द पुढच्यांत मिसळे. आमच्या जुन्या घरांत पुस्तकांचीं कपाटें, गाद्या, गोधड्या तो प्रतिध्वनि गिळतात. तसें कळवितांच दादांनीं जाड जाजम अंथरलें, पडदे लावले, खर्जाचा खोका कोपऱ्यांतून हलविला, मधला स्पीकर कानाच्या उंचीवर आणून त्याचा आवाज वाढविला.

खोली मोजावी, किंमत पाहावी. पण घरांतील सर्वांत वडील माणसास शब्द कळतो कीं नाहीं, ही कसोटी वाचकांनीं प्रथम लावावी.

यंदा चातुर्मासांत आम्ही सांगलीस गेलों, तेव्हां रात्रीं सर्व मंडळी नाटक पाहत बसली होती. एका विनोदास आई आम्हां सर्वांच्या आधीं हंसली.