द्रव्य तेंच, गुण निराळे

एकाच साखरेचा एकतारी पाक होतो आणि दोनतारीही होतो. अंतर केवळ आंच आणि वेळ यांचें. गृहिणीस सहज ठाऊक असलेली ही गोष्ट आमच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मात्र प्रयत्नपूर्वक पटवावी लागते, हें नवल नव्हे काय?

सोन्याचेंच पाहा. १८५७ सालीं फॅरडेनें सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेवले, तों तें पाणी पिवळें न दिसतां माणकासारखें लाल दिसलें. १९५१ सालीं टर्केविच व त्याचे सहकारी यांनीं सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणांत सायट्रेट घालून असे कण करण्याची रीत सांगितली. आणि सायट्रेट कमी घातल्यास कण मोठे होतात, हें १९७३ सालीं फ्रेन्सनें दाखविलें. सायट्रेट म्हणजे लिंबाच्या आंबटपणाचें मूळ जें आम्ल, त्याचाच क्षार. मोसंबीच्या बागांत वाढलेल्या जालन्याच्या मुलांस हें सांगितलें, म्हणजे मीटरचा अब्जांश जो नॅनोमीटर, तोही फारसा परका वाटत नाहीं.

पॉलिॲनिलीनची तीच कथा. ॲनिलीन आम्लांत विरघळवून, भांडें बर्फांत ठेवून, अमोनियम परसल्फेट थेंबथेंब सोडावें, म्हणजे वीज वाहणारी हिरवी पूड मिळते. तीच अमोनियाच्या पाण्यांत टाकली कीं निळी होते, आणि विजेची वाट बंद पडते!

आतां मुद्द्याची गोष्ट. पुस्तकें ‘खोलीचें तपमान’ म्हणतात, तें वीस-पंचवीस अंश समजून. जालन्यास वैशाखांत पारा चाळिशीपार जातो. तेथें निकाल निराळा आला, तर विद्यार्थी घाबरून पुस्तकांतला आंकडा वहींत उतरवितो, आणि परीक्षकही त्यावरच गुण देतात. वस्तुतः पाऱ्याचा खरा आंकडा लिहिणें हेंच शास्त्र होय. १९६७ सालीं टोकियोंत शिराकावा यांच्या प्रयोगशाळेंत उत्प्रेरक चुकून सुमारें हजारपट पडला व काळ्या पुडीऐवजीं चंदेरी पापुद्रा आला. ती चूक झांकली गेली नाहीं. तिचा माग काढला गेला. त्या वाटेनें पुढें वीज वाहणारीं प्लास्टिकें आलीं, आणि शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांस २००० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा जालन्यांत २०१८ सालीं निघाली. उच्च रसायनशास्त्र आतां दारीं आलें आहे. तेथें जाणाऱ्या आमच्या मुलांनीं बुद्धि तर न्यावीच. परंतु जें दिसलें तेंच लिहिण्याचें धैर्य त्याआधीं न्यावें. तें कोणत्याही बाटलींत मिळत नाहीं. तें वर्गांतच तयार व्हावें लागतें, आणि त्याची परिस्थिति निर्माण करणें हें आम्हां शिक्षकांचें काम आहे.